पेट्रोल वाचवायचं तर आधी दोन किलोमीटरच्या आत बघा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मी इंदूरची. आपला अंक रोज सकाळी फोनवर वाचते. मध्यंतरी पेट्रोल वाचवण्याच्या उपायांवर आपण बराच मजकूर दिला होता. टायरमधली हवा तपासा, एअर फिल्टर साफ ठेवा, डिकीत उगाच ओझं वागवू नका, गाडी ताशी ४५ ते ५५ च्या वेगात चालवा. यातलं काहीच चुकीचं नाही. पीसीआरए ही इंधन बचतीचा प्रचार करणारी सरकारी संस्था १९७८ पासून हेच सांगत आली आहे आणि आमच्या गॅरेजमध्ये येणाऱ्यांना आम्हीही तेच सांगतो. पण सगळ्यात मोठी गळती, म्हणजे जवळच्या छोट्या-छोट्या फेऱ्या, त्या मजकुरात आलीच नाही, म्हणून हे पत्र.

आमचं गॅरेज लोकमान्य नगरच्या जवळ आहे. माझ्या यजमानांनी सुरू केलं, आता मुलगा बघतो. हिशेब आणि जॉब कार्डं मात्र पहिल्यापासून माझ्याकडे. गाडी आली की नंबर, मीटरवरचे किलोमीटर आणि मालकाची तक्रार लिहून घ्यायची, गाडी जाताना काय काम झालं ते लिहायचं. पाना मी कधी हातात धरला नाही, पण इतकी वर्षं ही कार्डं लिहिल्यावर गाड्या कशा वापरल्या जातात ते कळायला लागतं. आणि मला जे दिसतं ते असं, की आपल्या वस्तीतल्या कितीतरी गाड्या वर्षभरात फार कमी चालतात, आणि जेवढ्या चालतात तेवढ्या तुकड्या-तुकड्यांत चालतात. वर्षाने सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीचे किलोमीटर बघावे तर तीन-चार हजारच वाढलेले असतात. पण बॅटरी उतरलेली, सायलेन्सर आतून गंजलेला, आणि मालकाची तक्रार एकच, "वहिनी, ॲव्हरेज पडलं."

मग मी विचारते, गाडी जाते कुठे? उत्तरं ठरलेली. मुलाला क्लासला सोडायचं, अन्नपूर्णेच्या देवळात जायचं, भाजी, दूध, जिम, सासूबाईंची औषधं. गाडी निघते, दीड किलोमीटर जाते, थांबते, गार होते, परत येते. संध्याकाळी पुन्हा तेच.

थंड इंजिनाचं काय होतं, ते आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं, कारण गाडी विकताना हे कोणी सांगत नाही. पूर्वीच्या गाड्यांना चोक ओढावा लागायचा, तो दिसायचा तरी. आताच्या गाड्यांत तेच काम कॉम्प्युटर गुपचूप करतो. इंजिन गरम होईपर्यंत तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ऑइल घट्ट असतं, त्यामुळे सगळं जड फिरतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चांगला तापल्याशिवाय कामच करत नाही, म्हणजे सगळ्यात घाण धूर निघतो तो आपल्याच गल्लीत, आपल्याच मुलांच्या नाकाशी. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. गाडी लांब चालली की ते वाफ होऊन निघून जातं. दीड किलोमीटरमध्ये ते जात नाही, सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये मुरतं. थंडीच्या दिवसांत अशा गाडीचं ऑइलचं झाकण उघडलं तर आतल्या बाजूला दुधावरच्या सायीसारखा पिवळट थर सापडतो.

डिझेलवाल्यांची गत आणखी वाईट. एप्रिल २०२० पासून बीएस-६ च्या, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या गाड्या आल्या, त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी गाडी थोडा वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. देवास नाहीतर महूपर्यंत जाऊन आली की काम होतं. पण ज्यांची डिझेल गाडी घर ते दुकान आणि दुकान ते घर एवढीच फिरते, त्यांचा फिल्टर तुंबतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि बिल हजारांत येतं. अशांना मुलगा स्पष्ट सांगतो, "काका, ही गाडी तुमच्या कामाची नव्हतीच."

हायवेवर जी पेट्रोल गाडी लिटरला अठरा-वीस देते, तीच या छोट्या फेऱ्यांत आठ-नऊवर येते, असा आमच्याकडचा अनुभव आहे. आता कोणी म्हणतं इथेनॉलमुळे ॲव्हरेज पडलं. काही अंशी खरंही आहे. २०२५ मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल वीस टक्क्यांवर गेलं आणि लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असते. पण त्याचा फरक लिटरमागे थोडासा. निम्म्याने पडलेलं ॲव्हरेज त्याच्या माथी मारता येत नाही.

गॅरेजवाल्याच्या घरातली बाई गाड्या कमी चालवा म्हणते, याचं काहींना नवल वाटेल. उलट याच फेऱ्यांवर आमचा निम्मा धंदा आहे. बॅटरी, सायलेन्सर, क्लच प्लेट, ब्रेक, लवकर काळं पडणारं ऑइल. हे पैसे आम्हाला मिळतात आणि मुलगा ते प्रामाणिक कामाचेच घेतो. पण माझ्या हातून ते बिल लिहिलं जातं तेव्हा मला ठाऊक असतं, की समोरचा माणूस एका पेन्शनवर घर चालवतोय आणि हा खर्च त्याला टाळता आला असता. २०२१ मध्ये पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा सगळे हळहळले. नंतर अंगवळणी पडलं.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. माझं माहेर ग्वाल्हेरचं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा आमचे खासदार अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले होते, ही गोष्ट माहेरी सगळ्यांच्या तोंडी होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये रविवारी मोटारी बंद ठेवायला सुरुवात झाली. तिथले रविवार काही महिन्यांत संपले, पण पुढच्या वर्षांत त्यांनी सायकलींसाठी रस्ते बांधत नेले, म्हणून सायकल टिकली. आमच्या इंदूरनेही २२ सप्टेंबर २०२३ ला नो कार डे पाळला. पुढारी आणि अधिकारी सायकलने, बसने कामावर गेले. मला ते आवडलं होतं, आजही आवडतं. पण दुसऱ्या दिवशी चालणाऱ्याला रस्ता होता तसाच मिळाला.

इथे मला थोडं सविस्तर लिहायचंय, कारण लोक आळशी झालेत, म्हणून दोन पावलांवरही गाडी काढतात, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. आमच्या घरापासून अन्नपूर्णेचं देऊळ चालत वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. एवढं चालणं साठीतल्या बाईला जड नाही. जड जातं ते वाटेतलं. फुटपाथ सुरू होतो आणि पन्नास पावलांत ट्रान्सफॉर्मरपाशी संपतो. पुढे एका दुकानाच्या पायऱ्या, मग उभी केलेली कार, मग पुन्हा कार, मग कोणाच्या तरी घराचा उतार, तोही गुळगुळीत फरशीचा. म्हणून आपण रस्त्यावर उतरतो, आणि पाठीमागून हॉर्न. चौराह्यावर हिरवा दिवा एवढा थोडा वेळ असतो की अर्ध्यात आल्यावर गाड्या सुटतात. मे महिन्यात सावली नाही, कारण रस्ता रुंद करताना झाडं गेली. पावसाळ्यात कुठलं चेंबर उघडं आहे ते पाण्याखाली दिसत नाही. रात्री आठनंतर काही गल्ल्यांत दिवे नाहीत आणि कुत्री आहेत. मुलीला संध्याकाळच्या क्लासहून चालत ये असं कोणती आई सांगेल? ती गाडी काढते. ती काढते म्हणून रस्त्यावर एक गाडी वाढते, क्लासच्या दारात दोन रांगा उभ्या राहतात, आणि जी मुलगी चालत येत होती तिचीही वाट बंद होते. पुढच्या महिन्यापासून तिचे वडील गाडी घेऊन येतात. हे मी आमच्या भागात डोळ्यांसमोर होताना पाहिलंय.

माझी शहराकडे मागणी म्हणूनच फार मोठी नाही. पूल नको, उड्डाणपूल नको. प्रत्येक वस्तीपासून तिचा बाजार, देऊळ, शाळा, दवाखाना आणि बसचा थांबा एवढ्यांपर्यंतच्या वाटा सलग, सपाट, उजेडाच्या आणि गाड्यांनी न अडवलेल्या करा. आमच्या शहराला हे जमणार नाही असं मला कोणी सांगू नये. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे इंदूरच्या घराघरांत जमलं. २०१७ ते २०२३ सलग सात वेळा स्वच्छतेत पहिला नंबर इंदूरचा होता, शेवटच्या वेळी सुरतेबरोबर. सकाळी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आमच्या गल्लीतली लहान मुलंसुद्धा डबे घेऊन धावतात. ज्या शहराने लाखो लोकांची रोजची सवय बदलली, त्याला फुटपाथवरच्या गाड्या हटवणं अशक्य नाही.

आणि त्या कचऱ्याचं पुढे काय होतं तेही महाराष्ट्रातल्या वाचकांना कळायला हवं. देवगुराडियाला बायो-सीएनजीचा कारखाना आहे, फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याची त्याची ताकद आहे, आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. माझ्या स्वयंपाकघरातली मेथीची देठं आणि दुधी भोपळ्याची सालं मलाच शहरात फिरवून आणतात. आखातातून आलेल्या तेलावर टनभर लोखंड पळवण्यापेक्षा मला यात जास्त अभिमान वाटतो. मी बसने जाते तेव्हा हे शेजारणींना मुद्दाम सांगते.

बसबद्दल आणखी एक सांगायचं आहे. आग्रा-मुंबई रस्त्यावर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटरची बसची वेगळी लेन होती. २०१३ मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाची परवानगी मिळाल्यावर ती काढायला सुरुवात झाली. कारवाल्यांचं म्हणणं असायचं की आम्ही इथे अडकलोय आणि शेजारची लेन रिकामी. ती रिकामी दिसायची, कारण बस अडकत नव्हती, निघून जात होती. एका बसमध्ये पन्नास-साठ माणसं. तेवढीच माणसं कारमध्ये बसली की एकेका गाडीत एक, फार तर दोन, आणि गाड्यांची रांग अर्ध्या किलोमीटरची. लेन गेली ती गेली, त्यावर आता वाद घालून उपयोग नाही. पण बसला सिग्नलवर आधी सोडणं, थांब्याजवळ गाडी उभी करू न देणं, एवढं तरी व्हायला हवं. बस वेळेवर येते असा भरवसा बसला की माणूस गाडीची किल्ली घरी ठेवतो. त्याला भाषणाची गरज नसते.

मेट्रोचंही तेच. ३१ मे २०२५ ला गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर हा पहिला टप्पा सुरू झाला. त्या टप्प्यात पाच स्टेशनं, आमच्या भागापासून लांब. पुढे ती वाढेल. पण स्टेशनपर्यंत जायला जर गाडीच काढावी लागली, तर सकाळची थंड इंजिनाची फेरी तशीच राहते.

रेल्वेकडे मात्र आमच्या भागातल्या लोकांचं लक्ष गेलेलं नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० च्या सुमारास खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाने दिले होते. त्याच मार्गावर आज लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, राऊ आणि महू ही स्टेशनं आहेत. पहिली दोन तर मराठी वस्तीच्या अगदी कुशीत. नोकरीच्या वेळा धरून सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या अंतराने लहान गाड्या सोडल्या, तर राऊ आणि महूकडे जाणारे कितीतरी लोक बायपासवर गाडी घालणार नाहीत. रूळ तयार आहेत, जमीन घ्यायची नाही. खासदारांनी आणि रेल्वेने याचा विचार करावा अशी माझी विनंती आहे.

आता घरातलं. आम्ही काय करतो ते सांगते, कोणाला उपयोग झाला तर बरं. आमच्याकडे किल्ल्यांच्या खुंटीवर दुचाकीची किल्ली पुढे आणि कारची मागे असते. दोन किलोमीटरच्या आत कार काढायची नाही. त्याला अपवाद आजारी माणूस, भर पाऊस आणि सिलिंडरसारखं जड सामान. भाजीसाठी मी चाकांची पिशवी घेतली. पाच किलो बटाटे, नारळ, सगळं ओढून आणता येतं, खांदा दुखत नाही. मुलगा कार काढतो तेव्हा आठवड्याची लांबची कामं एका फेरीत गुंफतो: आधी सगळ्यात लांबचं काम, म्हणजे इंजिन नीट गरम होतं, मग परतीच्या वाटेवर जवळची. हे साधं आहे, पण याने पेट्रोल खरोखर वाचतं. राजवाड्याला आणि सराफ्यात, म्हणजे जुन्या बाजारपेठेत, आम्ही गाडी नेतच नाही. पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने १९१८ मध्ये होळकर दरबाराला इंदूरचा अहवाल दिला. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद करू नका, जेवढं बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा, असं त्याचं सांगणं होतं. त्या गल्ल्यांत पायी फिरून बघा. कापड, भांडी, पूजेचं सामान, रात्रीचं खाणं, सगळं दहा-पंधरा मिनिटांच्या चालीत मिळतं. कार घेऊन गेलात तर तेवढा वेळ पार्किंग शोधण्यातच जातो.

एक काम तर आपली मराठी माणसं उद्यापासून करू शकतात. सानंद या इथल्या मराठी संस्थेची नाटकं आम्हा सगळ्यांच्या आवडीची. प्रत्येकाचा गट ठरलेला, प्रयोगाची वेळ ठरलेली, सभागृहही ठरलेलं, खंडवा रोडवरचं विद्यापीठाचं. लोकमान्य नगरच्या एकाच गल्लीतून एकाच प्रयोगाला पाच-सहा कार निघतात आणि बहुतेकींत दोघं नवरा-बायको. एकमेकांना चांगलं ओळखणारी ही माणसं, मध्यंतरात एकत्र चहा पितात, आणि नाटक संपल्यावर एकमेकांच्या गाड्यांमागे बाहेर पडायच्या रांगेत थांबतात. आमच्या गल्लीत आम्ही चौघी मैत्रिणींनी ठरवलं की पाळीपाळीने एकाच घरची गाडी निघेल. सुरुवातीला संकोच होता, कोणाला कोणाचे उपकार नको होते. आता ज्यांची पाळी नाही ते परतताना पोह्यांचे किंवा आइस्क्रीमचे पैसे देतात, संकोच गेला. आणि पासष्टी ओलांडलेल्या ज्या दोघी रात्री एकट्या नको म्हणून नाटक सोडून बसल्या होत्या, त्याही यायला लागल्या. गाडी नसणाऱ्यांना, गाडी चालवणं सुटलेल्यांना आपण घरात बसवून ठेवलंय, याचा विचार गाडीवाल्यांनी करायला हवा. असं प्रत्येक गटात होऊ शकेल. प्रयोगाच्या सूचनेबरोबर कोणत्या वस्तीतून कोण निघतंय आणि किती जागा रिकाम्या आहेत, एवढं जरी कळवलं गेलं तरी पुरे.

इलेक्ट्रिक गाडीने हे सगळं सुटेल, असं मुलाचे मित्र म्हणतात. तिच्यात इंजिन थंड-गरम होण्याचा प्रश्न नाही, हे मान्य. पण फुटपाथवर तीही तेवढीच जागा अडवते.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. मायलेज वाढवण्याच्या युक्त्या जरूर छापा. पण त्याच पानावर आठवड्यातून एकदा, वाचकांनी पाठवलेली एक चालण्याची वाट छापा. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, पुणे, नाशिक, कुठलीही. घर ते देऊळ, घर ते शाळा, घर ते बसथांबा. किती मिनिटं लागली, फुटपाथ कुठे तुटला, दिवा कुठे नाही, कार कुठे आडवी उभी होती, तेवढंच लिहायचं, आणि दोन महिन्यांनी तीच वाट पुन्हा बघून काय सुधारलं ते कळवायचं. पहिली वाट मी पाठवते, लोकमान्य नगर ते अन्नपूर्णा. ट्रान्सफॉर्मरचा आणि त्या गुळगुळीत उताराचा फोटो मुलगा काढून देईल.

आपली,
लोकमान्य नगर, इंदूर येथील एक वाचक